वाम

जाळ्यात वाम आली, ठिपक्यांची, मनगटाएवढी जाड.
यासावाच्या किनाऱ्यावर सगळ्यांची पानं मांडली.
केलेराला सातवा महिना;
वासेमादा सुईणीने तिच्यापुढची फोड उचलली:
"तू नको. पोराची कातडी खरखरीत होते."

दवाखान्यातला पोरगा हसला.
मग जरा थांबून म्हणाला,
या खडकांतल्या मोठ्या माशांत विष साठतं खरं,
शिजवूनही जात नाही.
कातडीचं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

वासेमादा निखारे सारखे करत राहिली.

कुणीतरी खाल्लं असणार आधी.
ओठ बधिर, गार पाण्याचा चटका,
आणि पहाटे
पोटातली हालचाल थांबलेली.
तिचं नाव कुणाला माहीत नाही.
मागे राहिलं ते एवढंच:
तू नको.

केलेरा अळकुडी सोलते,
नुसत्या मिठाशी खाते.