पाचव्या रांगेतला माणूस

डुलुथमध्ये ऑक्टोबर लागला
की लोक माझ्याकडे भेगा घेऊन येतात.
कुणी फोनमधल्या फोटोत,
कुणी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून:
एवढी, बघ, एवढी.
पार्किंगपासून पाचव्या रांगेपर्यंत येता येता
बोटं सैल पडतात
आणि भेग दुप्पट होते.

मी विचारतो, पाणी की वारा?
लाकूड की काच की वीट?
वरून रंग द्यायचाय?
सिलिकॉन पाण्याला दाद देत नाही,
पण मग रंगालाही देत नाही.
अॅक्रिलिक गरीब स्वभावाचं,
ओल्या फडक्यानं पुसलं जातं, सांगाल तो रंग घेतं
आणि तिसऱ्या हिवाळ्यात
कडेकडेनं अंग चोरायला लागतं.
“जन्मभर टिकेल असं दे.”
नळीवर पन्नास वर्षं छापलंय, मी दाखवतो.
कंपनीला अजून तीसही झालेली नाहीत
हे सांगत नाही.

एल्सवर्थ ट्वेटनं गेल्या साली अकरा नळ्या नेल्या.
सरोवरावरून येणारा वारा त्याला
वैयक्तिक अपमान वाटतो.
जानेवारीत आला, टोपी हातात.
दोन काचांच्या मध्ये पाणी, पाण्याचा बर्फ,
आणि बर्फानं चौकट आतून उलून गेलेली.
अरे, खिडकीच्या तळाला दोन बारीक भोकं असतात,
ती सुताराची चूक नसते.
“मला वाटलं, राहून गेलीत,” तो म्हणाला.
मी त्याला खरवडणी दिली.
पैसे घेतले. घेतलेच.

आणि वर्ना हापाला.
ती दरवर्षी तीच करडी दोरी मागते,
मळलेल्या कणकेसारखी मऊ,
बोटानं दाबायची, वसंतात सोलून टाकायची.
मी हिशेब मांडला तिच्यापुढं:
तीन वर्षांच्या दोरीत कायमचं काम होतं, मावशी.
“आणि मार्चमध्ये खिडकी कशी उघडू?
हंगामातली पहिली बोट भोंगा देते,
पूल तिला उत्तर देतो.
माझा आर्व्हिड त्या बोटींवर बटाटे सोलायचा.”
मी मान खाली घातली. कधी गेला, विचारलं.
“गेला? अॅरिझोनात आहे.
पोहण्याचा तलाव आहे त्याच्याकडं. मूर्ख.
भोंगा मात्र इथंच राहिलाय.”
दोरीचे दोन गुंडाळे. सुट्टे पैसे मोजून.

माझ्या घरी
टबाच्या कडेला काळी रेघ होती, चार वर्षांची.
डॉक्टरचं अंग नि सुताराचं दार, म्हणतात तसं.
परवा बसलो.
जुनं पात्यानं काढलं, लांबच लांब,
सापाच्या कातीसारखं उलगडत आलं.
स्पिरिटनं पुसलं. रात्रभर वाळू दिलं.
सकाळी टब काठोकाठ भरला,
कारण रिकाम्या टबाची भेग खोटी असते,
वजन पडल्यावर ती खरी किती ते सांगते.
हे मी दिवसातून दहा जणांना सांगतो.
तोटी तिरकी कापली.
श्वास धरून ओढत गेलो कोपऱ्यापासून,
एका वेगानं, हात न उचलता,
व्हिनेगरचा आंबट वास नाकात,
साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट तयार
आणि फोन वाजला.

सोल्वाइगचा होता.
एप्रिलपासून पहिल्यांदा.
मी बंदूक टाकली, हात पुसला नाही.
काय बोललो ते सांगण्यासारखं नाही,
हवामान, तिची गाडी,
तिनं विचारलं, पाण्याचा आवाज कसला?
नळ ठिबकतोय, म्हटलं.
“तू अजून नीट केला नाहीस?”
आणि ती हसली.

परत आलो तेव्हा वर साय धरली होती.
बोट फिरवलं तर सुरकुतली.
नळाखाली एक गाठ राहिलीय आता,
मटारएवढी. दुसऱ्या कुणाच्या बाथरूममध्ये असती
तर काढून पुन्हा करा म्हटलं असतं.

फोनच्या काचेवरही माझा अंगठा उमटलाय,
पांढरा, रेषांसकट.
पात्यानं सहज निघेल.
आमच्याकडंच मिळतं ते,
पाचवी रांग, खालचा कप्पा,
चार डॉलर.