पश्चिमेची भिंत

घर पाहिलं तेव्हा जानेवारी होता,
खिडक्या सताड उघड्या, एजंट बडबडा.
वास कळला तो एप्रिलात,
कर्वेनगरच्या दुपारी तीनला,
पश्चिमेची भिंत तापल्यावर.
आत कोणी आत्ताच काडी ओढावी
आणि आम्हाला बघून बाल्कनीत जावं, तसा.

केळशीकर. मुद्रितशोधक.
सव्वीस वर्षं ह्याच खोलीत
ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, दीर्घाचं ऱ्हस्व,
आणि दर फर्म्यामागे दोन सिगारेटी.
खालच्या घारेबाईंनी सांगितलं,
न विचारता.

मी पदर खोचला.
पंख्याच्या पात्यांवर मधासारखं काहीतरी,
बोट लावलं तर बोट सुटेना.
व्हिनेगरचं पाणी, फडकं,
बादलीत चहा.
तिसऱ्या बादलीतही चहाच.
कपाटांतून वाटी वाटी खायचा सोडा,
मंडईतून आणलेले कोळसे
कागदावर, कोपऱ्याकोपऱ्यांत,
दृष्ट काढायला मांडावेत तसे.
सासूबाई म्हणाल्या, धूप घाल.
धुरावर धूर!
घातला.
दोन दिवस देवळात कोणी विडी ओढतंय असं वाटत राहिलं.

मग मुश्ताकभाई आले,
बोहरी आळीतून लाखेच्या अस्तराचे डबे घेऊन.
नुसता रंग मारला तर पिवळं वर येणार, म्हणाले,
ह्या भिंती प्यायल्यात ताई,
आधी तोंड बंद करू ह्यांचं.

एक चौकोन मात्र पांढरा होता,
दीड फूट बाय एक.
कॅलेंडर असेल, किंवा कोणाचा फोटो.
तेवढीच जागा श्वास धरून राहिलेली.
तिच्यावरही अस्तर गेलं.

मेच्या अखेरीस वास गेला.
तीन वाजता मी भिंतीला नाक लावून उभी राहायचे,
समोरच्या इमारतीतून काय दिसत असेल कोण जाणे.
चुना, लाख, ऊन.
बाकी काही नाही.

एका शनिवारी ते स्वतःच आले.
विम्याचं पत्र अजून आमच्याच पत्त्यावर येत होतं.
बारीक माणूस, खिशाला लाल पेन,
तीन जिने चढून दाराशी मिनिटभर नुसते उभे.
सोडली, म्हणाले.
डॉक्टरांनी नाही, ह्या जिन्यानं सोडवली.
मग, वास यायचा का हो तुम्हाला?
मी म्हटलं, छे.
हिला यायचा, म्हणाले. मला कधीच नाही आला.
आणि नव्या रंगावर
नेमके त्या चौकोनापाशी बघत राहिले.
तिथं आता काही नव्हतं बघायला.

पाण्याचा पेला अर्ध्यात थांबला.
नाकपुड्या हलल्या, एकदा, दोनदा.
सोडे आहेत घरात.
प्रश्न नव्हता तो,
चूक सापडल्यावर समासात खूण करावी तसं वाक्य.

मी हर्णैची.
दोन झाकणांचा डबा, त्याला पिशवी,
पिशवीला पिशवी, माळ्यावर.
सहा महिन्यांत इथं कोणाला पत्ता नाही
अशी माझी समजूत.

लपवू नका हो, म्हणाले,
आमच्या आईच्या स्वयंपाकघराला असाच यायचा.
आणि परत एकदा ओढला,
श्वास,
जपून, डोळे मिटून,
थोटकातला शेवटचा झुरका असावा तसा.

ते उतरून गेल्यावर
मी दार बाहेरून ओढून घेतलं.
जिन्यात उभं राहून शंभर आकडे मोजले.
घारेबाई दूध घेऊन चालल्या होत्या.
किल्ली विसरलात?
नाही, म्हटलं.
शंभरानंतर आणखी वीस मोजले,
दार उघडलं,
आधी नाक आत घातलं, मग पाऊल,
परक्या माणसासारखी
माझ्याच घरात शिरले.

मला काहीच आलं नाही.