एक सूत

टिळकनगर, चौथा मजला.
आज मी माझंच काम तोडायला आलोय.
टिपणीसांचं शोकेस, सन त्र्याण्णव.
एकोणीस एमएम प्लाय, कडेला सागाची पट्टी,
सरकत्या काचा आणि पाठीला आरसा.
आरसा का, तर एक बाहुली दोन दिसते
आणि पैसे एकीचेच पडतात.

डिझायनर मुलगी आहे, शाल्मली. गोड बोलते.
टॅबवर बोट सरकवत म्हणाली,
काका, हे सगळं आता गेलं.
मी विचारलं, कुठे?
हसली. म्हणाली, आता सगळं पांढरं आणि मोकळं.
पांढरं मीपण लावलंय, पोरी.
मुंबईत पांढऱ्या भिंतीचं आयुष्य
एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत.
समोर टॉवर चढत असेल तर तेवढंही नाही.

माझं मत कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

टेक्श्चर पेंट आला त्याच दिवशी मी म्हटलं होतं,
भिंतीला खरूज झालीय.
लोकांनी चौरस फुटाचा भाव ठरवून
ती लावून घेतली, सोफ्यामागे, मोठ्या हौसेनं.
मग पीओपीच्या फुलात निळे दिवे.
हॉलमध्ये बसलं की वाटायचं
रात्रीची लक्झरी आत्ता सावंतवाडीला सुटणार
आणि आपल्याला खिडकी मिळालेली नाही.
गेले, बरं झालं.
स्वयंपाकघरातल्या टाइल्सवरची द्राक्षं गेली
तेव्हा मात्र थोडं वाईट वाटलं.
ज्या घरात द्राक्षं आजारपणात यायची
त्या घरात ओट्याच्या वर बारा महिने घड.
ओपन किचन म्हणे अजून चालतंय.
चालू दे.
एकदा सुके बोंबील भाजले
की सोफाच सांगेल.

तर शोकेस.
मधला टीव्हीचा खण वीस इंच खोल,
मागे हवेला भोकं, एकवीस, मीच पाडलेली.
टीव्ही बारीक झाला, भिंतीवर जाऊन बसला.
खण काही बारीक होईना.
त्यात मग माशांची पेटी आली,
मासे गेल्यावर वाफ घ्यायचं मशीन,
टिपणीस साहेब गेल्यावर नुसती
कुकरची, मिक्सरची रिकामी खोकी.

बाई कॉटवर बसून बघत होत्या.
मी पटाशी लावली, पण हातोडा उचलेना.
म्हटलं, बाई, जीव तुटत असेल.
कुणाचा? म्हणाल्या.
मला हे कधीच आवडलं नव्हतं, मेस्त्री.
ह्यांच्या साहेबांकडे होतं, म्हणून ह्यांना हवं.
बत्तीस वर्षं एकेक बाहुली पुसलीय मी,
आणि आरशात दिसते तिची धूळ वेगळी.

मी गप्प.
त्या साली गावच्या घराला पत्रे घातले ते ह्याच पैशांतून,
हे सांगायची ती जागा नव्हती.

आणि तो डावा ड्रॉवर, बाई म्हणाल्या,
पहिल्या दिवसापासून अडकतो.
तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.
तुम्ही म्हणालात, पावसाळ्यात लाकूड फुगतं,
दिवाळीला सुटेल.

किती दिवाळ्या झाल्या ते दोघांनीही मोजलं नाही.

हिसका मारून ड्रॉवर बाहेर ओढला.
आत हात घातला, बोटानं चाचपलं.
पट्टी एक सूत वर ठोकलेली.
पावसाचा काही संबंध नव्हता.
माझ्याच हातची, माझ्याच खिळ्यानं.

शाल्मली म्हणाली, काका, राहू दे ना,
खाली टेम्पो थांबलाय.
मी पिशवीतून रंधा काढला.
ड्रॉवरच्या वरच्या कडेवरून चार हात फिरवले.
भुसा पायावर पडला, बत्तीस वर्षांनी
अजून थोडा वास होता त्याला.
मेणबत्तीचा तुकडा घासला
आणि ड्रॉवर जागेवर लावला.

बाई उठून आल्या.
एका बोटानं बाहेर ओढला.
एका बोटानं आत ढकलला.
पुन्हा ओढला.
हं, म्हणाल्या.

मग पदर खोचून बाजूला झाल्या.
चला, फोडा.