मिसेस एंटविसलचा भाडेकरू

एनॉक थ्रेलफॉल माझ्याकडे राहायला आला
तेव्हा त्याच्या नखांत अजून कोळसा होता.
सतरा शिलिंग आठवड्याला, जेवणासकट;
शनिवारी दुपारी फक्त उकडलेला मासा,
असं क्लबच्या सेक्रेटरीनं बजावलेलं.

बाप खाणीत. दोन भाऊ खाणीत.
हा एकटाच उजेडात कामाला.
"चार पौंड, मिसेस एंटविसल, नुसतं पळायचे!"
म्हणायचा, आणि स्वतःच ओशाळायचा
कुणाच्या तरी खिशातून काढल्यासारखा.

मी सामना कधी पाहिला नाही.
मला तो ऐकू यायचा:
गिरणीच्या धुराड्यापलीकडून वीस हजार घसे,
आणि फडताळातल्या बशा थरथरायच्या.
गोल झालेला मला बशा सांगायच्या.

घरी यायचा तो उरलेला एनॉक.
कपाळावर चेंडूच्या वादीचा वळ
(पाणी पिऊन चामड्याचा धोंडा होतो, म्हणायचा),
डावा गुडघा भोपळ्याएवढा.
मी मलम चोळायची,
तो दात आवळून छताकडे बघत
बापाच्या कबुतरांची नावं घ्यायचा, एकेक करून.

मार्चमध्ये त्याला विकला.
तीनशे चाळीस पौंडांना.
नव्या स्टँडवर पत्रे घालायचे होते.
घोडा घेताना माणसं दात तरी बघतात;
याचा गुडघा कुणी पाहिला नाही.
जाताना त्यानं बूट चुलीपाशीच विसरले.
मी ते पाठवले नाहीत. का, ते माहीत नाही.

तिकडे अकरा सामने.
मग गुडघा बोलला.

त्याच गुडघ्यानं त्याला युद्धातून वाचवलं.
आघाडीच्या फळीतले बाकीचे चौघे भरती झाले,
एक परत आला, तोही अर्धा.
याविषयी एनॉक काही बोलत नाही.
मीही विचारत नाही.

सन एकवीसच्या ऑगस्टमध्ये दार वाजलं.
"खोली रिकामी आहे का?"
बूट होते तिथेच होते, वाळून वाकडे झालेले.

आता तो त्याच मैदानाच्या फिरत्या फाटकावर बसतो,
मैदानाकडे पाठ करून,
माणशी एक शिलिंग घेतो.
हात ओळखतात त्याला कधीकधी, चेहरे नाही.
गल्ला मोजून देतो आणि
दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत लंगडत घरी येतो.

शनिवारी मी अजून मासाच उकडते.
परवा बशा थरथरल्या.
काटा तसाच हातात धरून तो म्हणाला,
"डावीकडून आला. लांबून."
"तुला रे काय कळतं इथे बसून?"
"मीठ द्या," म्हणाला.