डब्यातली चपाती

वागळे इस्टेटचा भोंगा आता माझ्यासाठी वाजत नाही.
तरी साडेआठला डबा घेऊन निघतो,
कारखान्याच्या वळणावर वळायचं सोडून
सरळ जातो
रायलादेवीच्या काठाशी.

तिथे हसुराम भोईर
रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेला.
पहिले दोन आठवडे त्याने काही विचारलं नाही.
मग एका मंगळवारी जादाची काठी पुढे केली:
"बसलाच हायेस तर धर."

बांबू, नायलॉनची दोरी,
तरंगायला चपलेच्या तळव्याचा तुकडा,
वजनाला वॉशर.
सहा नंबरचा. मी बघताच ओळखला.
"गांडुलं संपली. डब्यान काय हाय?"

शालनची चपाती.
तुकडा पाण्यात बुडवून मळायचा,
वाटाण्याएवढी गोळी,
गळाचं टोक झाकेल इतकीच.
बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी,
चौथी गोळी कशीबशी जमली.

चार दिवस मी तळ्याला नुसतं जेवू घातलं.
तुकडा हलला की झटका,
वर गळ रिकामा, घासून धुतल्यासारखा.
"तो खात नाय रं, चव बघतं.
लगेच नको वरू. घेऊन जाऊ दे त्याला."

घेऊन जाऊ दे.

पाचव्या दिवशी दोरी तर्जनीवर घेतली, डोळे मिटले.
याच बोटाला कळायचं
जॉब किती जाड राहिला,
साहेबांनी मायक्रोमीटर लावायच्या आधी.
एक टिचकी.
काही नाही.
परत एक.
मग दोरी चालू लागली हळूच,
गर्दीत कुणी बाही धरून न्यावं तशी,
आणि मी ओढली.

चिलापी. तळहाताहून जराशी मोठी,
पाठीचे काटे ताठ उभारलेली.
मी ओरडलो बहुतेक,
फिरायला आलेल्या दोघी थबकल्या.
हसुराम म्हणाला, "घरा ने."

घरी?
घरी तर मी कामावर आहे.
अडीच महिने झाले,
घरी मी ओव्हरटाइमसुद्धा करतो.

भाजी हसुरामने पुसून खाल्ली.
डबा नळावर धुतला,
चिलापी आडवी ठेवली, शेपूट मावेना,
थोडी वाकवली. झाकण दाबलं.

पावणेबारा. भर उन्हात जिना.
दर पायरीला डब्यात काहीतरी सरकतं.

शालनने दार उघडलं,
आधी घड्याळ पाहिलं, मग मला.
सवयीने डबा हातात घेतला,
आणि तशीच उभी राहिली
वजन तोलत.