पाच नोव्हेंबरपासून मागे

भिंतीवरचं कॅलेंडर मी शेवटाकडून वाचते.
पाच नोव्हेंबर. त्या रात्री हॅलिफॅक्सभोवतीच्या टेकड्यांवर
जाळ पेटतात, आपल्या होळीसारखे,
फक्त बोंब कुणी मारत नाही.
हातमोजे घातलेली पोरं आल्याचं काहीतरी चघळत असतात.
ते काहीतरी आमचं असावं
असं मी ठरवलं फेब्रुवारीत,
नळ गोठले होते त्या आठवड्यात.

तिथून मागे चालत आले,
रांगतं मूल जिना उतरतं तशी, पाठमोरी,
एकेका पायरीला पाय लावून बघत.
दुकानात माल सप्टेंबरमध्येच हवा,
लोकांच्या नजरेत बसायला महिना जातो.
ब्रिगहाउसचा लेबलवाला सहा आठवडे सांगतो, आठ घेतो.
म्हणजे नाव मे महिन्यातच ठरायला हवं.

मी म्हटलं, ठसका.
डोरीन म्हणाली, थास्का.
ठ, मी म्हटलं. थ, ती म्हणाली.
चहा गार होईपर्यंत आम्ही दोघी ठ ठ करत बसलो
आणि तोंडातल्या वडीचा तिला खरोखरच ठसका लागला.
डोळे पुसत ती म्हणाली, आता कळलं.
नाव तिथेच पक्कं झालं.

सप्टेंबर सरत आला. सगळं तारखेबरहुकूम.
दोनशे चाळीस डबे अकरा दुकानांत पोचलेले.
दर घाण्यातला एक डबा मी घरी ठेवते,
न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे ओल सगळ्यात जास्त.
शेवटच्या घाण्याचा उघडला.
वड्या एकमेकींना बिलगून झोपलेल्या,
लग्नघरात एका सतरंजीवर चुलतबहिणी झोपतात तशा.
चव ठीक होती.
फक्त चवच ठीक होती.
पाक गोळीबंद व्हायच्या आधी उतरवला होता मी
अर्धं मिनिट,
कारण फोन वाजला होता.
आणि तो घाणा कुठल्या दुकानात गेला
ते मी लिहून ठेवलं नव्हतं.

इंद्रनील म्हणाला, मावशी,
पाच तारखेला अंधार असतो, कोण बघतंय?
खरं होतं. बँकेचा हप्ताही खरा होता.
रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही. लागली.
सकाळी उठून गाडी काढली.

सगळे डबे परत घेतले, अकराच्या अकरा दुकानांतून.
ॲकरॉइडबाईंनी विचारलं, कुणी तक्रार केली?
नाही.
मग?
पत ह्या शब्दाला इंग्रजीत
त्या क्षणी मला काही सापडेना.
बँकेत वापरतात तो शब्द होता, पण तो पैशांचा.
मी म्हटलं, पाक कच्चा राहिला, चूक माझी.
त्यांनी गल्ल्यातून पावती काढली,
चष्मा लावून दोनदा वाचली,
आणि डबे मोजून मोजून माझ्या खोक्यात ठेवले.
एक शब्द नाही.

त्या वर्षी पाच नोव्हेंबरला
आम्ही दुसऱ्याच कुणाची टॉफी खाल्ली, डोरीनने आणलेली.
चांगली होती. लिहायला जड जातंय, पण चांगली होती.
टेकडीवरचा जाळ विझेपर्यंत आम्ही उभ्या होतो,
पाय गारठले, तरी घरी जायचं कुणी म्हणेना.

मार्चमध्ये ॲकरॉइडबाईंचा फोन आला.
ते तुमचं थास्का. नोव्हेंबरसाठी.
गेल्या खेपेपेक्षा सहा डबे कमीच मागितले त्यांनी,
पण पैसे आगाऊ पाठवते म्हणाल्या,
आणि खिडकीजवळची फळी कुणाला देणार नाही.
मी ठ सुधारायला गेले नाही.

नवं कॅलेंडर टांगलंय.
पाच नोव्हेंबरपासून मागे येत येत
पाकाच्या दिवसांपाशी थांबले
आणि त्या चौकटींत बारीक अक्षरात लिहिलं :
कुठला घाणा कुठे, ते वहीत.
फोन न्हाणीघरात.