उतार

चिचटोल्यात रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवर,
तुडुमाच्या डाव्या अंगाला, ऐनाच्या बुंध्याशी.
म्हणून रोज साडेनऊला मी तिथे
युरियाचं रिकामं पोतं अंथरून बसते
आणि पुण्यातल्या, कोइमतूरमधल्या सात जणांना विचारते:
काल काय झालं, आज काय होणार, अडलंय कुठे.

मग आलेख.
आडवे दहा दिवस, उभे उरलेले तास, तीनशे वीस.
वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात
एक करडी तुटक रेघ, तिला आदर्श म्हणतात,
आणि तिच्या आसपास कुठेतरी आमची लाल.
ह्या स्प्रिंटला लाल रेघ करडीवर अशी बसली
जसं ब्लाउजला अस्तर.
सर खूश. "हर्षलता, असंच चालू दे."

मी सांगितलं नाही
की मंगळवारी सर्व्हर दिवसभर आडवा होता,
की सेल्वीचं काम तीन दिवस जागचं हललं नव्हतं,
की रोज संध्याकाळी चहा ठेवता ठेवता
मीच बत्तीस वजा करत होते.

तानबा वलथरे पाणकर आहे.
खांद्यावर फावडं, कमरेला गेरूची पुडी.
तुडुमाच्या दगडावर पाण्याच्या काठाशी
रोज सकाळी एक खूण.
माघापासूनच्या खुणा खाली खाली गेलेल्या,
काही एकमेकींना चिकटून,
काहींच्या मध्ये वीतभर कोरा दगड,
एका जागी तर नंतरची खूण आधीचीच्या वर.

तो मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर वाकला.
"हे का होय वो बाई?"
उरलेलं काम. रोज किती उरलं ते.
"म्हंजे माह्या गेरूवानी."
हो.
बराच वेळ बघत राहिला. हातातली बिडी विझली.
"कोनं भरलं?"
मी.
"घरी बसून भरलं."

ऐनाचं एक पान कीबोर्डवर पडलं, मी ते उचललं.

"पानी असं सीदं नाई उतरत.
गावात लगन असलं का कोनीच बांदीत जात नाई, पानी तसंच रायते.
दुसऱ्या दिवशी सारे येतेत अन् भांडतेत.
अवकाळी आली त चढते बी.
माह्या आंधीचा पानकर असंच सीदं लिवे,
साहेब लोक खूश रायेत.
मंग एका चैतात तुडूम उघडला
त चिखल निंगाला."

मग दगडावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
"ह्या वीतभरात धानाले थेंब नाई भेटला.
खेकड्यानं पाळीले भोक पाडलं होतं.
उतरलं हे खरं.
पन कोनाच्या बांदीत?"

तो गेला. मी इतिहास उघडला,
दहाही दिवस एकेक करून खरे भरले.
पहिले दोन दिवस सपाट.
चौथ्याला रेघ वर, ग्राहकानं चाळीस तास वाढवले तेव्हाची.
मंगळवार मेलेला.
आठव्या दिवशी मात्र एकदम कडा तुटल्यासारखी खाली:
ते काम आम्ही केलंच नव्हतं,
यादीतून गुपचूप काढलं होतं.
तिथे मी एक शब्द लिहिला.

सकाळी सगळ्यांनी पाहिलं. कोणी माइक उघडेना.
मग सेल्वी म्हणाली, मला वाटायचं
बाकी सगळे वेळेवर आहेत, मीच तेवढी मागे.
सरांनी घसा साफ केला.
"हर्षलता, आठव्या दिवसापुढे हे... खेकडा?
हे काय

आणि रेंज गेली.
खाली बांद्यांमध्ये तानबा कोणाशी तरी पाण्यावरून वाद घालत होता,
दगडावर आजची खूण अजून ओली.
मी पोतं उचललं,
दोन पावलं डावीकडे सरकले.